गुणपत्रकात बसणारे गाव
ब्रॉडबँड अनुदानाच्या प्रस्तावांचे गुणांकन : तत्त्व, पद्धती आणि पंचायतींचे कर्तव्य

ग्रामीण भागात इंटरनेटची जलद सेवा पोहोचविण्यासाठी शासन अनुदान देते, ही गोष्ट आता सर्वांना परिचित झाली आहे. परंतु निधी मर्यादित आणि गावे पुष्कळ, अशा स्थितीत कोणत्या गावाचे काम आधी घ्यावयाचे आणि कोणत्या संस्थेकडे ते सोपवावयाचे, याचा निर्णय कसा होतो हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा निर्णय बहुधा एका तक्त्यावर होतो. त्या तक्त्यात निकष असतात, प्रत्येक निकषापुढे गुण असतात आणि शेवटी बेरीज असते. ही बेरीज निर्विकार वाटते. वस्तुतः कोणत्या बाबीला किती गुण द्यावयाचे हे ठरविताना शासन आपले धोरणच लिहीत असते. म्हणून अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांनी हा तक्ता वाचण्यास शिकणे आवश्यक आहे.

ग्रामविकासाच्या क्षेत्रात गुणांकन आपणांस नवीन नाही. २०००–०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियानात गावांनी गुणांसाठी चुरस केली. २०१६ च्या स्मार्ट ग्राम योजनेत स्वच्छता, व्यवस्थापन, दायित्व, अपारंपरिक ऊर्जा व पर्यावरण आणि पारदर्शकता व तंत्रज्ञान अशा पाच शीर्षकांखाली ग्रामपंचायतींचे मूल्यमापन झाले. ज्या बाबीला गुण आहेत तिच्याकडे गावाचे लक्ष जाते आणि ज्या बाबीला गुण नाहीत ती मागे पडते, हा अनुभव प्रत्येक सरपंचाच्या गाठीशी आहे. ब्रॉडबँडच्या अनुदानासही हाच नियम लागू पडतो.

अनुदानाची गरज कोठे निर्माण होते?

कोल्हापूर जिल्हा या प्रश्नाचा अभ्यास करण्यास फार सोयीचा आहे. जिल्ह्यात बारा तालुके आणि एक हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. शिरोळ, हातकणंगले, करवीर आणि कागल या भागांत उसाची शेती, सहकारी कारखाने, औद्योगिक वसाहती आणि दाट वस्तीची मोठी गावे आढळतात. याउलट शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा आणि चंदगड या तालुक्यांचा सह्याद्रीलगतचा भाग वाड्या, वस्त्या आणि धनगरवाड्यांत विखुरलेला आहे. तेथे जांभ्या दगडाचे सडे आहेत, अतिवृष्टीचे चार महिने आहेत आणि बऱ्याच ठिकाणी वनखात्याची हद्द आहे.

फायबर केबल टाकण्याचा खर्च प्रामुख्याने अंतर आणि जमीन यांवर अवलंबून असतो. त्या केबलपासून मिळणारे उत्पन्न मात्र घरांच्या संख्येवर अवलंबून असते. पूर्व भागात एक किलोमीटर केबलवर शेकडो घरे जोडली जातील, तर पश्चिमेकडे तेवढ्याच केबलवर दहावीस घरे लाभली तरी पुष्कळ झाले. शिवाय खडकातील खोदाई महाग पडते आणि वर्षातून काम करण्यास मिळणारे महिनेही कमी असतात. खर्च आणि उत्पन्न यांतील ही तूट खासगी कंपनी स्वतःहून सोसणार नाही. ती भरून काढणे हाच अनुदानाचा हेतू होय. तो ध्यानात ठेवला म्हणजे गुणांच्या तक्त्याची पारख करणे सोपे जाते.

आपल्या देशातील पद्धती

ग्रामीण दूरसंचाराचा खर्च उचलण्यासाठी १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी अस्तित्वात आला आणि २००३ च्या कायदा दुरुस्तीने त्यास वैधानिक आधार मिळाला. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित एकूण महसुलाच्या ५ टक्के इतकी रक्कम या निधीसाठी आकारली जाते. दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये याच निधीचे ‘डिजिटल भारत निधी’ असे नामकरण झाले.

या निधीतून ग्रामीण दूरध्वनीसाठी अनुदान देताना जी पद्धत रूढ झाली ती उलट्या लिलावाची होती. साध्या लिलावात अधिक बोली बोलणारा जिंकतो, तर येथे कमीत कमी अनुदान मागणारा जिंकतो. शासन प्रथम कमाल मर्यादा ठरविते आणि तिच्या आत जो सर्वांत कमी रक्कम मागेल त्यास काम मिळते. ही पद्धत सोपी आहे, तीत वशिल्यास वाव कमी राहतो आणि शासनाचा पैसा वाचतो. मात्र सेवा किती चांगली, किती टिकाऊ आणि ग्राहकास किती परवडणारी, या प्रश्नांची उत्तरे बोलीच्या आकड्यात उमटत नाहीत. ती अटींच्या रूपाने आधीच लिहावी लागतात.

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्यास मान्यता दिली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडून प्रत्येकीस १०० एमबीपीएस क्षमता द्यावी, अशी ही कल्पना होती. पुढे या प्रकल्पास ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायतींचे उद्दिष्ट डिसेंबर २०१७ मध्ये गाठले गेले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने राज्यामार्फत काम करण्याचा मार्ग स्वीकारला आणि ‘महानेट’ या नावाने ते हाती घेतले.

पुढील घटना विशेष बोलकी आहे. जून २०२१ मध्ये सोळा राज्यांसाठी सार्वजनिक-खासगी भागीदारीचा प्रस्ताव मंजूर झाला. महाराष्ट्र त्या सोळांमध्ये नव्हता. व्यवहार्यता तूट भरून काढण्यासाठी १९,०४१ कोटी रुपयांची तरतूद होती. परंतु निविदांना अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही आणि ती प्रक्रिया रद्द करावी लागली. निधी उपलब्ध असणे आणि योग्य अर्जदार पुढे येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्यात तीन महत्त्वाचे बदल दिसतात. केबल सरळ रेषेत न टाकता वर्तुळाकार जोडावयाची, म्हणजे एका बाजूस ती तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. बांधणाऱ्यानेच दहा वर्षे देखभाल करावयाची. आणि मागणीनुसार ग्रामीण घरांनाही जोडणी द्यावयाची. आधीच्या टप्प्यांत ‘केबल पोहोचली’ यास जे महत्त्व होते, ते आता ‘सेवा चालू राहिली’ यास मिळाले.

केवळ किमतीवर निवड न करता गुणवत्तेसही गुण देण्याची मुभा आपल्या नियमांत आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनुसार, गुणवत्ताप्रधान म्हणून घोषित केलेल्या कामांत किमतीखेरीजच्या निकषांना जास्तीत जास्त ३० टक्के भारांक देता येतो. उरलेले किमान ७० टक्के वजन किमतीचेच राहते. म्हणून ती किंमत कशाच्या प्रमाणात मोजली जाते, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

अमेरिकेतील प्रयोग

राज्य शासनांनी ब्रॉडबँडच्या अर्जांना गुण देण्याचा अलीकडचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने तेथे या कामासाठी ४,२४५ कोटी डॉलरची तरतूद केली. ही रक्कम राज्यांना वाटून द्यावयाची आणि राज्यांनी अर्ज मागवून, गुण देऊन कंपन्या व संस्था निवडावयाच्या, अशी योजना होती.

त्या पद्धतीचे तीन टप्पे आपणांस अभ्यसनीय आहेत. पहिला टप्पा व्याख्येचा. ज्या घरास माहिती येण्याचा २५ आणि जाण्याचा ३ एमबीपीएस एवढाही वेग मिळत नाही ते सेवावंचित, आणि १०० व २० पेक्षा कमी वेग मिळतो ते अल्पसेवित, असे ठरविण्यात आले. वंचितांचा हक्क पहिला मानण्यात आला. दुसरा टप्पा आक्षेपांचा. कंपन्यांच्या माहितीवर आधारलेला नकाशा प्रसिद्ध करून, स्थानिक स्वराज्य संस्था, सेवाभावी संस्था आणि सेवापुरवठादार यांना पुराव्यासह आक्षेप घेण्याची संधी देण्यात आली. तिसरा टप्पा गुणांकनाचा. कमीत कमी अनुदान, ग्राहकास परवडणारा दर आणि कामगारांशी न्याय्य व्यवहार या तीन निकषांना मिळून एकूण गुणांपैकी किमान तीन-चतुर्थांश गुण ठेवण्याचे बंधन होते. उरलेल्या गुणांत काम पूर्ण करण्याचा वेग व राज्याचे स्वतःचे निकष येत.

तथापि ६ जून २०२५ रोजी तेथील केंद्र शासनाने हे नियम बदलले. फायबरला असलेले प्राधान्य काढून टाकण्यात आले आणि सर्वांत कमी खर्चाचा प्रस्ताव हाच मुख्य निकष ठरला. खर्चात १५ टक्क्यांच्या आत असलेल्या प्रस्तावांपुरताच इतर बाबींचा विचार करावयाचा, असे नवे सूत्र आले. राज्यांना आपली निवड पुन्हा करावी लागली आणि उपग्रह व बिनतारी सेवांना पूर्वीपेक्षा अधिक वाव मिळाला. गावे तीच होती आणि घरेही तीच होती, तरी तक्ता बदलताच त्यांच्या वाट्यास येणारी सेवा बदलली.

भाजकाचे महत्त्व : एक उदाहरण

हे तत्त्व अंकांनी अधिक स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत.

समजा, दोन प्रस्ताव आले आहेत. ‘अ’ प्रस्ताव सपाटीवरील दाट वस्तीचा आहे. त्यात १,००० घरे असून अनुदानाची मागणी १ कोटी रुपये आहे. यांपैकी ८०० घरांना आधीच कोणती ना कोणती ब्रॉडबँड सेवा मिळते आणि २०० घरे वंचित आहेत. ‘ब’ प्रस्ताव डोंगरी वाड्यांचा आहे. त्यात ३०० घरे असून मागणी ६० लाख रुपये आहे. ही सर्व घरे वंचित आहेत. तक्त्यात खर्चास ७० आणि तांत्रिक गुणवत्तेस ३० गुण आहेत. दोघांनाही तांत्रिक गुण २४ मिळाले. सर्वांत कमी खर्चाच्या प्रस्तावास पूर्ण ७० आणि इतरांस त्याच्या प्रमाणात गुण द्यावयाचे आहेत.

पहिली रीत : एकूण घरांवर खर्च मोजणे. ‘अ’चा दरघरटी खर्च १०,००० रुपये येतो आणि ‘ब’चा २०,००० रुपये येतो. ‘अ’ला खर्चाचे ७० आणि ‘ब’ला ३५ गुण मिळतात. एकूण बेरीज ‘अ’ची ९४ आणि ‘ब’ची ५९ होते.

दुसरी रीत : नव्याने सेवा मिळणाऱ्या घरांवर खर्च मोजणे. ‘अ’चा खर्च आता दरघरटी ५०,००० रुपये होतो, तर ‘ब’चा २०,००० रुपयेच राहतो. ‘ब’ला ७० आणि ‘अ’ला २८ गुण मिळतात. एकूण बेरीज ‘ब’ची ९४ आणि ‘अ’ची ५२ होते.

निकषांची नावे, त्यांचे भारांक आणि दोन्ही प्रस्ताव यांत तसूभरही फरक पडलेला नाही. फक्त भागाकारातील भाजक बदलला आणि निकाल उलटला. म्हणून ‘दरघरटी खर्च’ असा शब्द तक्त्यात दिसला की, ‘कोणती घरे?’ हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. वंचितपणाची व्याख्याही याच कारणाने महत्त्वाची ठरते. आपल्या देशात ब्रॉडबँडचा किमान वेग पूर्वी ५१२ केबीपीएस मानला जाई. जानेवारी २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस करण्यात आला. व्याख्येची रेषा वर सरकली की कालपर्यंत ‘सेवा असलेले’ गाव आज वंचितांच्या यादीत येऊ शकते.

वारणेचा धडा

खर्च आणि घरे यांचा हिशेब जमला तरी एक प्रश्न शिल्लक राहतो : जोडणीचा उपयोग होईल काय? याचे उत्तर शोधण्यास कोल्हापूरकरांना दूर जाण्याची गरज नाही. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थांच्या परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याची ही योजना होती. सुमारे अडीच कोटी रुपयांच्या खर्चापैकी केंद्राने ५० टक्के, राज्याने ४० टक्के आणि वारणेच्या संस्थांनी १० टक्के भार उचलला. गावातील केंद्रावर शेतकऱ्यास उसाचे वजन, तोडणीचा क्रम आणि बिलाची रक्कम कळू लागली. देशात या प्रयोगाचे मोठे कौतुक झाले.

पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी या केंद्रांची पाहणी केली. केंद्रांचा वापर मुख्यत्वे उसाच्या माहितीपुरता होत होता आणि जुने संगणक चालू ठेवणे जड जात होते. त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांतून तीच माहिती देऊन पाहिली आणि तो प्रयोग यशस्वी ठरला.

यावरून वारणेचा प्रयोग फसला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्यास जी माहिती खरोखर हवी होती ती मिळाली आणि म्हणूनच केंद्रे चालली. शिकण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. गावाची नेमकी गरज आधी निश्चित असेल तर जोडणी वापरात राहते. आणि यंत्रे बसविण्याच्या खर्चाइतकाच ती जुनी झाल्यानंतरचा खर्चही आरंभीच विचारात घ्यावा लागतो. गुणांच्या तक्त्यात या दोन्ही बाबींना जागा हवी.

चांगल्या तक्त्याची लक्षणे

आतापर्यंतच्या विवेचनावरून चांगल्या गुणांकनाची काही लक्षणे सांगता येतात.

१. पात्रता आणि गुण यांत भेद असावा. आर्थिक क्षमता, बँक हमी, कामाचा अनुभव या बाबी उंबरठ्यासारख्या आहेत. तो ओलांडला नाही तर अर्ज बाद व्हावा. केवळ मोठी संस्था आहे म्हणून तिला अधिक गुण देऊ नयेत.

२. खर्चाचा भाजक वंचित घरे हाच असावा आणि डोंगरी गावांची तुलना डोंगरी गावांशीच व्हावी. गगनबावड्याच्या वाडीने शिरोळच्या बाजारपेठेशी स्पर्धा करावी ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

३. ग्राहकाच्या मासिक दरास गुण असावेत. केबल दारापर्यंत आली आणि दर परवडला नाही, तर त्या घरापुरती ती आलीच नाही असे समजावे.

४. सेवेच्या सातत्यास गुण असावेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगाकाठच्या गावांना संपर्काचे मोल कळले आहे. वर्तुळाकार जोडणी, पुराच्या पातळीवर बसविलेली यंत्रे आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी यांस वजन मिळावे.

५. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, ग्रंथालय आणि ग्रामपंचायत कार्यालय या सार्वजनिक स्थळांची जोडणी स्वतंत्रपणे मोजली जावी.

६. प्रत्येक गुणापुढे पुरावा लिहिलेला असावा. ‘उत्तम’, ‘समाधानकारक’ अशा शेऱ्यांवर दिलेले गुण वादास कारण होतात. दोन परीक्षकांनी स्वतंत्र गुण द्यावेत, मोठी तफावत आढळल्यास लेखी कारण नोंदवावे आणि निकालाबरोबर गुणपत्रकही प्रसिद्ध करावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मागील भावना हीच आहे.

७. गुणांत दिलेले वचन करारात उतरावे. ज्या दराच्या आणि वेगाच्या आश्वासनावर गुण मिळाले, त्याची पूर्तता होईपर्यंत अनुदानाचा शेवटचा हप्ता राखून ठेवावा. केबलची लांबी मोजून नव्हे, तर चालू असलेली सेवा तपासून देयक मंजूर व्हावे.

पंचायतींनी काय करावे?

तक्ता तयार करणे शासनाच्या हाती असले, तरी त्यात भरावयाची माहिती गावाकडूनच यावी लागते. कागदावर ‘सेवा उपलब्ध’ असा शेरा असलेल्या गावात प्रत्यक्षात मुख्य गावठाणाला जोडणी असते आणि दीड-दोन किलोमीटरवरील धनगरवाड्यात मोबाइलची खूणही दिसत नाही. हा फरक जिल्ह्याच्या कचेरीत बसून कळणार नाही. तो ग्रामसभेच्या ठरावाने आणि वाडीवार यादीने कळवावा लागेल.

यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने एक साधी नोंदवही ठेवणे इष्ट होय. तीत वाडीवार घरांची संख्या, प्रत्येक वाडीत मिळणारी सेवा व तिचा प्रत्यक्ष मोजलेला वेग, सेवा बंद राहिल्याचे दिवस, सार्वजनिक इमारतींतील विजेची व जागेची स्थिती आणि जोडणी घेण्यास तयार असलेल्या कुटुंबांची नावनिशी असावी. वेग दिवसातून तीन वेळा, निरनिराळ्या वारी मोजून तारखेसह लिहावा. माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षक व विद्यार्थी हे काम उत्तम प्रकारे करू शकतील आणि त्यातून विद्यार्थ्यांना सरासरी व प्रमाण यांचा जिवंत पाठही मिळेल. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही नोंद ग्रामसभेपुढे ठेवून तिची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावी.

मार्गाधिकाराची परवानगी हे पंचायतीचे दुसरे कर्तव्य होय. दूरसंचार मार्गाधिकार नियम, २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले आहेत. रस्ता खोदण्याची परवानगी वेळेत देणे, त्याचबरोबर खोदलेला रस्ता पूर्ववत करून घेणे, या दोन्ही गोष्टी पंचायतीने दक्षतेने पाहाव्यात. नळपाणी योजनेची वाहिनी कोठून गेली आहे याचा नकाशा आधीच दिल्यास पाण्याची वाहिनी फुटणे आणि केबल तुटणे, हे दोन्ही त्रास टळतील.

तिसरी गोष्ट वापराची. ई-ग्रामस्वराजवरील हिशेब, दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा, दूध व उसाच्या बिलांची माहिती यांपैकी गावास कशाची निकड अधिक आहे, हे ग्रामसभेने ठरवावे. ज्या गावास आपली गरज नेमक्या शब्दांत सांगता येते, त्याच्या मागणीस वजन प्राप्त होते.

समारोप

गुणांकनाचा तक्ता हे निवडीचे साधन आहे. ते वस्तुनिष्ठ असावे हे खरे, परंतु काय मोजावयाचे याची निवड माणसेच करतात. एकूण घरे मोजली तर सपाटीवरील गाव पुढे जाईल, वंचित घरे मोजली तर डोंगरातील वाडी पुढे जाईल. केबल मोजली तर केबल पडेल आणि चालू सेवा मोजली तर सेवा चालेल. तक्ता तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही जबाबदारी ओळखावी आणि गावांनी आपल्या अखेरच्या वाडीची नोंद पुराव्यानिशी तयार ठेवावी. ज्या वाडीची नोंदच नाही, तिला कोणताही तक्ता गुण देऊ शकणार नाही.